डांबऱ्या कुणाचा?

"जोत्या, तुझं कुत्रं आज डावा पाय उचलतंय बघ," सर्जेराव म्हणाला.

मी चहाचा ग्लास तोंडाला लावला होता. वळून बघितलं. डांबऱ्या चहाच्या गाड्यासमोर उभा, डावा पुढचा पाय अधांतरी, आणि तोंडावर असं काही दुःख, की बघणाऱ्याचा हात आपोआप खिशात जावा.

"आयला!" मी म्हटलं. "साइड बदलली की पठ्ठ्यानं!"

आता हे आधी सांगायला पाहिजे, की लंगडायचं मीच शिकवलं होतं त्याला. माझं दुकान कोल्हापुरात, गाड्यांच्या सीटा शिवायचं. समोर सर्जेरावचा चहाचा गाडा. कुणी नवखं गिऱ्हाईक चहाला थांबलं, की मी मशीनवरनं मान वर न करता नुसतं विचारायचो, "काय झालं रं पायाला?" की डांबऱ्या उजवा पाय उचलून ठेचकाळत त्या माणसापुढं जाऊन बसणार. माणूस "च् च्, बिचारं" करून बिस्किटाचा पुडा फोडणार. पुडा संपला की हा चारी पायांवर टणाटण उड्या मारत माझ्याकडं. त्या माणसाचं तोंड बघायला मी सुईत दोरा ओवायचा थांबत असे. सर्जेरावची बिस्किटं खपायची, माझी करमणूक व्हायची, डांबऱ्याचं पोट भरायचं. तिघांचा धंदा चालला होता झकास.

पण शिकवलेला पाय होता उजवा. त्या दिवशी उचललेला डावा. मला वाटलं, कलाकार मोठा झाला. कौतुकानं मी त्याला अख्खा क्रीमरोल चारला. चार-पाच दिवस चारत होतो.

शेवटी शालननं धरलं मला. शालन म्हणजे माझी बायको. तिला हे कुत्रं पहिल्या दिवसापासनं नको होतं. रस्त्याचं काम चाललेलं तिथं डांबरात पाय रुतून बसलेलं हे पिल्लू मी उचलून आणलं, आणि तिची खोबरेल तेलाची अख्खी बाटली संपवून त्याचे पाय सोडवले. तेलाचा राग तिनं सगळी वर्षं धरला. उंबऱ्याच्या आत डांबऱ्याला बंदी. दिवसा माझ्याबरोबर दुकानात, रात्री पडवीत. माझं कुत्रं, माझी जबाबदारी, असं तिनं पंचांसमोर सांगितल्यासारखं सांगून ठेवलेलं.

तर ती शालन त्या संध्याकाळी म्हणाली, "अहो, ह्याचा पाय दुखतोय."

"नाटक करतंय."

"नाटक माणसांसमोर करतात. आत्ता परसात हा एकटा होता, मी खिडकीतनं बघत होते. त्याला माहीत नव्हतं मी बघतीय ते. तेव्हापण लंगडत होता."

मी उठलो. पाय हातात घेतला. पंजाच्या वर, मनगटापाशी, हाड फुगल्यासारखं झालं होतं आणि ती जागा बाकी पायापेक्षा गरम लागत होती. थोडं दाबलं तर डांबऱ्यानं मला दात दाखवले. मला! जन्मात पहिल्यांदा.

"इकडं ये राजा," शालन म्हणाली. आणि ते कुत्रं उंबरा ओलांडून आत गेलं आणि तिच्या पदरात तोंड घालून बसलं.

दिवसभर माझ्या पायाशी असणारं कुत्रं. दुखतंय हे कळलं तिला. आणि राजा! आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कुणी कधी राजा म्हटलेलं मला तरी आठवत नाही. तिथनं माझ्या पोटात जी ठिणगी पडली ती पडलीच.

*

जनावरांची डॉक्टर मगदूम म्हणजे आमच्या पोरापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी. पोरगं चाकणला कंपनीत असतं, आम्ही दोघंच घरी. डॉक्टरनं पायाचा एक्स-रे काढला, हाडाचा तुकडा तपासायला पाठवला, आणि आठवड्यानं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"काका, हाडाचा कॅन्सर आहे. पाय काढावा लागेल."

"पाय काढून मग काय राहिलं हो?" मी म्हटलं.

"कुत्रं राहील. त्यांना तीन पाय पुरतात. आत्ता तो पाय त्याच्या काही कामाचा नाही, नुसता रात्रंदिवस ठणकतोय. तो गेला की ठणका गेला."

"म्हणजे बरा होणार?"

"ठणका जाईल. आजार बहुतेक आत कुठंतरी पसरायला लागलेला असणार, आज दिसत नाही. म्हणून टाके काढल्यावर सलाईनमधनं औषधं द्यायची, दर तीन आठवड्यांनी. वर्षभर मजेत जगला तर मी खूश होईन. तुम्हीपण व्हा."

शालननं विचारलं, "पाय नाही हे त्याला कळेल का हो?"

"तुम्ही त्याच्यापुढं रडलात तर कळेल."

शालन तिथल्या तिथं पदरानं डोळे पुसून सरळ बसली. मी डांबऱ्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत होता.

*

पाय खांद्यापासनं काढला. घरी आणला त्या दिवशी आमच्या मधल्या खोलीत मला चप्पल काढायला जागा नव्हती. शालननं पलंग सरकवलेला, टीव्ही भिंतीला लावलेला, आणि मध्यभागी तिची वाकळ अंथरलेली. तिच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. मला त्या वाकळेवर कधी चहा प्यायची परवानगी नव्हती.

मी काय कमी केलं असं समजू नका. आमच्या फरशीवरनं धड माणूस घसरतो, तिथं तीन पायांचं कुत्रं काय चालणार? मी जुन्या गाड्यांच्या रबरी मॅटा कापून पडवीपासनं मोरीपर्यंत रस्ता केला. सीटबेल्टच्या पट्ट्यांना आतनं फोम लावून छातीखालनं घालायचा पट्टा शिवला, वर धरायला मूठ, म्हणजे तोल गेला की उचलता यावा. आणि गादी! चांगल्यातला फोम, मरून रेक्झिन, कडेनं पांढरी पायपिंग. आमदाराच्या गाडीला घातलं नसतं असं काम केलं.

डांबऱ्यानं गादी हुंगली. त्यावर एकदा बसला. उठला, आणि वाकळेवर जाऊन झोपला.

"रेक्झिन गरम होतं," शालन म्हणाली. असं काही हसत म्हणाली, की मी ती गादी उचलून माळ्यावर टाकली.

मग सुरू झालं. सकाळी उठलं की, "राजा, झोप झाली का?" चपातीच्या घासाला लोणी लावून, त्यात गोळी दडवून, हातानं भरवणार. जखम कोरडी झाली का बघताना त्याच्याशी असं बोलणार, की मला बाजूच्या खोलीत कसंसं व्हायचं. असा आवाज मी एकदाच ऐकला होता, लग्नानंतर पहिल्या वर्षी, जोतिबाच्या जत्रेत चुकामूक होऊन सापडलो होतो तेव्हा.

"मला पण भरव की एक घास," मी म्हटलं.

"तुमचा पाय कापलाय का?"

हे झालं तिचं. आणि माझ्या वाट्याला काय? ड्रेसिंगला न्यायचं मी. टाके काढताना दाबून धरायचं मी. तोंडाला जाळी बांधायची मी. सलाईनची सुई टोचताना मान काखेत घेऊन बसायचं मी. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस त्याची घाण हातमोजे घालून काढायची, तीपण मी. माझी जुनी ओम्नी चालू झाली, की डांबऱ्या शालनच्या मागं जाऊन लपायला लागला. मी दुकानातनं आलो की पूर्वी दारापर्यंत नाचत यायचा. आता आधी माझा हात हुंगायचा, दवाखान्याचा वास येतोय का बघायला. नाही आला तर परत वाकळेवर.

त्यातल्या त्यात चालायला मात्र लवकर शिकला. पहिल्यांदा तोंडावर आपटायचा, मग पुढचा एकच पाय मध्ये आणून उड्या घ्यायला लागला, सशासारखा. एक दिवस मी त्याला दुकानात नेला. म्हटलं, आपल्या जागेवर आला की आपला होईल. सर्जेरावनं हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. आणि एक नवखा गडी, मोटरसायकलवरनं उतरलेला, खरोखरच्या कळवळ्यानं खाली वाकला आणि म्हणाला, "काय झालं रं पायाला?"

मला ओरडायलापण वेळ मिळाला नाही. डांबऱ्यानं शिकवल्याप्रमाणे उजवा पाय उचलला. पुढचा तेवढा एकच उरलेला. आणि धाडकन हनुवटीवर पडला.

तो माणूस "अरे देवा" करत मागं सरला. डांबऱ्या उठला, अंग झाडलं, आणि शेपूट हलवत बिस्किटाची वाट बघत बसला. मी हसायला लागलो आणि हसता हसता ते हसणं भलतीकडंच गेलं. सर्जेरावनं माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

हनुवटीवरचं खरचटलेलं शालनला दिसलंच.

"कुणी केलं हे?"

मी सांगितलं.

"उद्यापासनं हा दुकानात येणार नाही," ती म्हणाली. "तुमचे खेळ पुरे झाले."

म्हणजे उरलासुरला डांबऱ्यापण गेला माझ्याकडनं.

*

मी एक डाव टाकून बघितला. शालन भिशीला गेली होती. भर उन्हाळ्यातली दुपार. मी तिची साडी खांद्यावर टाकली, वाकळ डोक्यावरनं ओढून आडवा झालो, आणि आवाज बारीक करून म्हटलं, "राजा, ये रे, ये."

डांबऱ्या परसातनं उड्या मारत आला. काय ती धावपळ! शेपूट माझ्या पायावर आपटत होती. वाकळेखाली तोंड घातलं. मला बघितलं. आणि उसासा टाकला. कुत्रं उसासा टाकतं हे मला त्या दिवशी कळलं. मग तो वळला आणि फाटकाशी जाऊन शालनच्या वाटेकडं तोंड करून बसला.

शालन आली तेव्हा मी घामानं निथळत वाकळेतच होतो.

"हे काय?"

"थंडी वाजतीय."

"माझी साडी नेसून?"

मी दुकानाला निघून गेलो.

"सर्जा," मी चहाच्या गाड्याशी बसून म्हटलं, "डोकं चालेनासं झालंय."

"कुत्र्यावर जळतोस व्हय?"

"कुत्र्यावर कशाला जळू? बायकोवर जळतोय."

"मग ठीक आहे. मला वाटलं येड लागलं." त्यानं चहा गाळला. "पण मला सांग, टोचायला नेणारा कोण?"

"मी."

"आणि लोणी-चपाती देणारी?"

"ती."

"मग कुत्र्याचं काय चुकलं? मीपण तिच्याकडंच जाईन."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पार्ट बदलायचे! एकदा, फक्त एकदा शालननं दवाखान्यात न्यायचं, सुई टोचताना तिनं धरायचं. आणि घरी मी थांबायचं, कोंबडीचं पाणी आणि मऊ भात घेऊन. बघू मग राजा कुणाचा होतो.

पुढच्या सलाईनच्या आदल्या दिवशी माझी कंबर धरली. सर्जेरावनं त्याच्या वडलांची काठी दिली. मी दारातनं असा वाकून आलो की शालननं हातातलं ताट तसंच खाली ठेवलं.

"काय झालं?"

"सीट उचलताना कळ आली. सरळच होता येईना. आई गं..."

काठी टेकत, रबरी मॅटांवरनं, मी पलंगाकडं निघालो. वाकळेवरनं डांबऱ्यानं मान वर केली. मला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं. उगीच बघायचं म्हणून नाही. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाकडं बघतो तसं. एक डोळा बारीक केल्यासारखा केला आणि परत मान टाकून झोपला. त्याच्याकडं बघून मला हसू आवरेना, म्हणून मी आणखी कण्हलो.

"उद्या तुम्ही झोपून राहा," शालन म्हणाली. "मी नेते त्याला रिक्षानं."

"तुला जमेल?"

"न जमायला काय झालं? माझं ऐकतो तो."

ते ती ज्या पद्धतीनं म्हणाली ना, त्यानं माझ्या डावावरचा उरलासुरला संकोचपण गेला.

*

सकाळी रिक्षा वळणाआड गेली आणि मी टुणकन उठलो. माळ्यावरचा मोठा कुकर काढला, कोंबडी आणली, शिजायला टाकली. भात मऊ केला. दुकानावर एक फेरी मारून यावं म्हणून गेलो, तर मोटरसायकलची सीट घेऊन एक गिऱ्हाईक उभंच होतं. फोम कापत शीळ घालत होतो, तेवढ्यात मोबाइल वाजला.

शालन होती. मागं कुत्र्यांचा गोंगाट.

"अहो, हा बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?"

"टेबलावर ठेवला की उडी मारतोय. पट्टा ओढून दाराकडं जातोय. दोघांनी धरलं, तरी हात लावू देत नाही. मी बोलले, मी चपाती दाखवली... डॉक्टर म्हणतात, काका असले की त्यांच्या काखेत तोंड घालतो आणि हूं का चूं करत नाही. तुम्ही तिथं काय करता?"

"काही नाही. बोलतो नुसता."

"मग बोला. फोन मोठा केलाय."

"काय बोलू?"

"तिथं जे बोलता ते!"

आता गिऱ्हाईक समोर. आणि मी तिथं जे बोलतो ते चारचौघांत बोलण्यासारखं नसतं. पण फोनमधनं पट्ट्याच्या कडीचा आवाज आला, कळ आल्यासारखं एक केकाटणं आलं, आणि मी बोलायला लागलो.

"काय रं डांबऱ्या, गाढवा. डॉक्टरला त्रास देतोस? आपली अब्रू काढतोस? ऐक, तुला ते सांगितलंच नाही. तो माने फौजदार आहे ना, जाड्या. त्याच्या जीपची सीट आली शिवायला. मी काय केलं, फोमच्या आत लहान पोराची पिपाणी बसवली. आता तो जीपमध्ये बसला की 'पीं'. उठला की 'पीं'. चौकात सलाम ठोकायला उतरला, 'पीं'. सगळी पोलीस चौकी सीट हुंगतीय, साहेबांना काय झालं म्हणून..."

समोरचं गिऱ्हाईक आ वासून ऐकत होतं. फोनमधला गोंगाट कमी झाला. कुणीतरी हसलं, डॉक्टर असावी. आणि मग मला तो आवाज आला. ठप्. थोडं थांबून परत, ठप्. ठप्. पत्र्याच्या टेबलावर शेपूट.

"बोलत राहा काका," लांबनं डॉक्टरचा आवाज आला. "सुई लागली. सलाईन संपेपर्यंत बोला."

मी बोललो. पिपाणीचं संपलं तेव्हा सर्जेरावच्या स्टुलाला रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन लावल्याचं सांगितलं, ते संपलं तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाबद्दल बोललो, ते रागावून सीट तशीच ठेवून चहाला गेलं. मी दुकानात फिरत होतो, हातवारे करत होतो, एकदा तर चक्क नाचलो. ठप्. ठप्. माझा डांबऱ्या! मला त्या घडीला गुढी उभारावी वाटत होती. भर रस्त्यात.

*

रिक्षा आली तेव्हा मी कुकर उघडून, ताटली काढून तयार. कंबरेवर हात ठेवायचं तेवढं आठवणीनं केलं.

डांबऱ्या दमलेला. रिक्षातनं उतरला, कोंबडीच्या पाण्याला नाक लावलं, नको म्हणून वळवलं, माझ्या पायाला जाताजाता डोकं घासलं आणि वाकळेवर जाऊन पसरला. ना माझ्याजवळ, ना तिच्याजवळ.

शालन माझ्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीतपण मी कधीतरी पिपाणी शिवली होती. 'पीं' वाजलं. एरवी ती माझ्या सात पिढ्यांचे पूर्वज काढते. त्या दिवशी तिनं ऐकलंच नाही.

"कंबर?" तिनं विचारलं.

"जरा बरी आहे."

"असणारच. कंबर धरलेला माणूस माळ्यावरनं कुकर काढत नाही."

माझी ताटली हातातच राहिली. "कधी कळलं तुला?"

"काल. तुम्ही आई गं म्हणालात ना, तेव्हा. खरं दुखतं तेव्हा तुम्ही गप्प बसता."

"मग गेलीस कशाला?"

ती डांबऱ्याकडं बघत बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"दर वेळी तुम्ही दोघं जाता," ती म्हणाली. "तो पुढच्या सीटवर बसतो, खिडकीतनं तोंड काढून. येता तेव्हा त्याला तुमचा वास, तुम्हाला त्याचा. मी दारात ताटली घेऊन उभी. मला वाटायचं, एवढं काय असतं ह्यांचं? सगळं करते मी. खातो माझ्या हातचं, झोपतो माझ्या वाकळेवर. म्हटलं, एकदा मीपण जाऊन बघते."

"मग?"

"मग काय. बाहेर कुठलीपण गाडी वाजली की कान टवकारायचा. मी त्याच्यासमोर बसलेली, अहो. माझ्या मांडीवर पाय देऊन, माझ्या डोक्यावरनं दाराकडं बघत होता. तुमची ओम्नी येतीय का म्हणून."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना भांडी घासायला लागली.

मी तिथंच उभा. तिच्या तोंडावर जे होतं ते मला नवीन नव्हतं. ते तोंड मी कितीतरी दिवस दाढी करताना आरशात बघत होतो. जिंकलो होतो मी. पण कुकरचं झाकण लावताना मला कळेना, की हे जिंकलेलं आता ठेवायचं कुठं.

*

त्यानंतरचं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. डॉक्टरनं सांगितल्यापेक्षा डांबऱ्या जास्त जगला. सर्जेरावच्या गाड्याशी जाऊन बसायचा, आता नाटक न करता बिस्किटं मिळत होती त्याला. गेला तो शालनच्या वाकळेवर, माझा हात तोंडाखाली घेऊन, म्हणजे आम्हा दोघांना भांडायला जागा न ठेवता गेला. आता त्याला कितीतरी वर्षं झाली. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते पुढच्या वेळचं सलाईन.

त्या वेळी मी नेला होता. टेबलावर चढवला, त्यानं माझ्या काखेत तोंड घातलं आणि डोळे मिटले. एकदम गरीब गाय. डॉक्टर सुई घेऊन आली.

"थांबा डॉक्टर," मी म्हटलं. खिशातनं मोबाइल काढला, घरी लावला आणि फोन मोठा केला.

"शालन, अगं काही केल्या बसत नाही हा!"

"काय? तुम्ही आहात ना तिथं?"

"माझं ऐकत नाही आज. नुसता दाराकडं ओढतोय. तुला शोधतोय बहुतेक. बोल की जरा त्याच्याशी."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, मग काखेतल्या त्या शांत डोक्याकडं बघितलं, आणि ओठ दाबून धरले. मी पायानं टेबल जरा खडखडवलं.

पलीकडं नळ बंद झाला. मग तिचा आवाज आला. तो जोतिबाच्या जत्रेतला.

"राजा... काय रे झालं माझ्या राजाला? बस की शहाण्यासारखा. मी हिथंच आहे. तुझी वाकळ उन्हात टाकलीय, गरम गरम झालीय बघ. आल्यावर त्यावरच झोपायचं. तुझ्या त्या बाबाला झोपू द्यायचं नाही..."

डॉक्टरनं सुई लावली. डांबऱ्या हललापण नाही. मी मोकळा हात मागं नेला आणि तळव्यानं पत्र्यावर थाप मारली. ठप्. जरा थांबून परत. ठप्.

"ऐकलंस?" मी म्हटलं. "शेपूट आपटतोय. तुझा आवाज ऐकून गप्प झाला बघ."

"खरंच?" ती म्हणाली. आणि असं काही हसली की मला माझ्या आयुष्यातल्या सगळ्या पिपाण्या त्या हसण्यावरनं ओवाळून टाकाव्या वाटल्या. "राजा, अरे लबाडा, मला माहीतच होतं..."

ठप्. ठप्. मी थाप मारत होतो. डांबऱ्यानं काखेतनं एक डोळा उघडून माझ्या हाताकडं बघितलं. तसंच, धंद्यातल्यासारखं.

मग सलाईनची नळी सरळ करायला डॉक्टरनं मला हात मागितला. मी फोन टेबलावर ठेवून हात लावला. तिकडं शालन बोलतच होती, लोणी काढून ठेवलंय म्हणून, लवकर ये म्हणून.

माझे दोन्ही हात डॉक्टरच्या पुढ्यात होते. आणि टेबल वाजतच होतं.